बारमाही पिळदार: जोर, बैठका आणि बार यांच्या बळावर कुठवर?

लोखंड न उचलता, निव्वळ आपल्याच अंगाच्या वजनावर मेहनत करून माणूस वर्षाचे बाराही महिने सडपातळ आणि पिळदार राहू शकतो का? प्रश्न एका वाक्यात विचारता येतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. अशा व्यायामाने स्नायू खरोखर वाढतात का? अंगावरची चरबी त्याने आटोक्यात राहते का? आणि दोन्ही साधले तरी ते पावसाळ्यात, दिवाळीच्या फराळात, लग्नसराईत आणि मार्चअखेरच्या धावपळीत टिकते का? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली जातात म्हणूनच ‘रोज शंभर जोर मारा, बाकी काही लागत नाही’ असे एकजण ठणकावून सांगतो आणि ‘जिमशिवाय अंग भरत नाही’ असे दुसरा. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. ते किती, हे तिन्ही प्रश्न सुटे करून पाहिले की कळते.

जुनी वाट

अंगाच्या वजनावरच्या मेहनतीची महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला मल्लखांबाला नवे रूप दिले आणि त्यांच्या शिष्यशाखेने तो देशभर नेला. 1914 साली अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि 1925 साली दादरला समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. अमरावतीच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेला आणि स्वतःही अनेक वर्षे घातला. बडोद्यात द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंडामागून खंड काढून या साऱ्या विद्येची नोंद करून ठेवली.

परदेशातही हा विचार वेगळ्या वाटेने रुजला. डेन्मार्कच्या जे. पी. म्युलर यांनी 1904 साली रोज 15 मिनिटांच्या घरगुती व्यायामाची पद्धत मांडली आणि ती युरोपभर पसरली. 1950 च्या दशकात बिल ऑर्बन यांनी कॅनडाच्या हवाई दलासाठी ‘फाइव्ह बीएक्स’ नावाचा रोजचा 11 मिनिटांचा क्रम आखला. दूरदूरच्या तळांवर व्यायामाची साधने नव्हती, तरी वैमानिकांची तयारी टिकवायची होती. औंधच्या राजाला, म्युलरना आणि ऑर्बनना एकच गोष्ट हवी होती: जागा, साधन किंवा पैसा नाही म्हणून कोणाचा व्यायाम चुकू नये.

या परंपरेकडे पाहताना एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. तालमीतली मेहनत म्हणजे नुसत्या जोर-बैठका कधीच नव्हत्या. हौदातली लाल माती फावड्याने उकरायची, दोरावर चढायचे, मल्लखांबावर पकडी घ्यायच्या, मुद्गल आणि करेल फिरवायचे, आणि मग जोडीदाराला खेचत, ओढत, उचलत लढत करायची. जोर आणि बैठका हा त्या मेहनतीचा पाया होता. खेचण्या-ओढण्याचे काम बाकीच्या साऱ्यातून होत होते. आज तालीम मागे पडली आणि घरातल्या चटईवर फक्त पाया उरला. अंगाच्या वजनावरच्या व्यायामाबद्दलच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ इथे आहे.

स्नायू कशाने वाढतो

पहिला प्रश्न स्नायूंचा. जड वजन उचलल्याशिवाय स्नायू वाढत नाही, अशी समजूत कित्येक दशके पक्की होती. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या प्रयोगांनी ती बरीच सैल केली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांनी दहा आठवडे पायांचा व्यायाम केला. काही पायांना कमाल ताकदीच्या 80 टक्के वजन दिले होते, काहींना अवघे 30 टक्के. दोन्हीकडे एकच अट होती: पुढची उचल जमणार नाही, इथपर्यंत जायचे. मांडीचा स्नायू दोन्हीकडे जवळपास सारखाच वाढला. ताकद मात्र जड वजनवाल्या पायांची जास्त वाढली. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या विश्लेषणांतूनही हेच चित्र निघाले: स्नायूचा आकार हलक्या वजनानेही वाढतो, कमाल ताकद मात्र जड वजनाने अधिक वाढते.

जोरांच्या बाबतीत तर थेट तुलना झालेली आहे. जपानमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात 18 तरुणांचे दोन गट केले. एकाने कमाल ताकदीच्या 40 टक्के वजनाने बेंच प्रेस केला, दुसऱ्याने तितकाच भार पडेल असे पुश-अप्स काढले. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. छातीच्या आणि दंडामागच्या स्नायूंची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली. माणसे थोडी होती, त्यामुळे या एकट्या प्रयोगावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. पण बाकीच्या पुराव्याशी तो जुळतो.

या साऱ्यातली कळीची अट म्हणजे ‘पुढची उचल जमणार नाही इथपर्यंत’, निदान त्याच्या दोन-तीन आवर्तने अलीकडपर्यंत जाणे. ज्याला सलग 60 जोर सहज निघतात, तो 25 काढून थांबला तर त्याचा दम टिकेल, सांधे मोकळे राहतील, घामही येईल. पण स्नायूला वाढायचे कारण मिळणार नाही. ‘दहा वर्षे रोज जोर मारतोय, अंग तेवढेच आहे’ असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांचा व्यायाम त्यांच्यासाठी केव्हाच सोपा झालेला असतो, आणि आकडा वाढवण्यापलीकडे काही करता येते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

जोराची चढण

करता येते ते असे. पुश-अपमध्ये हातांवर अंगाच्या वजनाचा किती भाग येतो, याची मोजमापे झालेली आहेत. जमिनीवरच्या साध्या पुश-अपमध्ये सुमारे 64 टक्के वजन हातांवर येते. गुडघे टेकले तर 49 टक्के. हात 60 सेंटिमीटर उंचीच्या बाकावर ठेवले तर 41 टक्के. उलट पाय तितक्याच उंचीवर ठेवले तर 74 टक्के. आता 65 किलो वजनाचा माणूस धरा. बाकावर हात टेकून तो सुमारे 27 किलो ढकलतो, गुडघे टेकून 32, जमिनीवर 42 आणि पाय उंचावून 48. एक बाक आणि चटई एवढ्यावर 27 पासून 48 किलोपर्यंतची चढण तयार होते.

तिच्या पुढेही पायऱ्या आहेत. हात जवळ आणले की दंडामागचा भाग जास्त राबतो. एक हात लांब बाजूला ठेवून बराचसा भार दुसऱ्यावर घेतला की एकहाती जोराकडे वाट निघते. खाली जाताना मनातल्या मनात चार आकडे मोजले, तळाशी क्षणभर थांबले, तर 30 जोर काढणाऱ्याची 12 वर दमछाक होते. आपल्या देशी जोरात छाती जमिनीलगत पुढे सरकते, कंबर खाली येते, मान वर जाते आणि मग अंग उलट्या वाटेने मागे येते. यात खांद्यांना मोठ्या पल्ल्यातून काम करावे लागते आणि पाठीचा कणाही वाकतो-सुटतो. म्हणून देशी जोर हा छातीबरोबरच खांद्यांचा आणि लवचिकतेचा व्यायाम आहे. नुसती छाती भरायची तर साधा पुश-अप सरस. सगळे अंग एका हालचालीत मोकळे करायचे आणि कमवायचे तर देशी जोर. दोन्ही ठेवावेत.

सूर्यनमस्काराचेही तसेच आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात 79 जणांनी आठवड्यातले सहा दिवस, रोज 24 याप्रमाणे 24 आठवडे नमस्कार घातले आणि त्यांची बेंच प्रेसची कमाल ताकद वाढलेली आढळली. ज्याने आधी काहीच केलेले नाही, त्याच्यासाठी नमस्कार हा ताकदीचाही व्यायाम आहे. काही महिन्यांनी मात्र तो अंगवळणी पडतो. मग तो रोजचे अंग मोकळे करण्यासाठी ठेवावा आणि वाढीचे काम अवघड व्यायामाकडे द्यावे.

पाठ आणि मांड्या

अंगाच्या वजनावरच्या व्यायामाच्या दोन उणिवा खऱ्या आहेत. पहिली पाठीची. जोराने ढकलण्याचे स्नायू तयार होतात, बैठकांनी मांड्या. खेचण्याचे काम यांपैकी कशातच नाही. नुसत्या जोर-बैठकांवर वर्षे काढलेल्या माणसाची छाती भरते, खांदे पुढे येतात आणि पाठ मागे राहते. यावर उपाय एकच: वरून लटकायला काहीतरी हवे. सिंगल बार, मल्लखांबाचा दोर, दाराच्या चौकटीत बसणारा बार, मैदानातला लोखंडी आडवा पाइप, काहीही चालेल. गावोगावच्या मैदानांवर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले याला ‘बीम मारणे’ म्हणतात. सैन्यभरतीत 10 पुल-अप्सना 40 गुण आहेत. राज्याच्या पोलीस भरतीतही पूर्वी पुल-अप्स होते. भरतीची मुले बीम सोडत नाहीत, म्हणूनच त्यांच्या पाठी साधे कपडे घातले तरी दिसतात.

एकही पुल-अप निघत नाही, ही अडचण बहुतेक प्रौढांची आणि जवळजवळ सगळ्या नवशिक्या स्त्रियांची असते. तिच्याही पायऱ्या आहेत. आधी बारला नुसते 20-30 सेकंद लटकायचे. मग स्टुलावरून हनुवटी बारच्या वर नेऊन पाच-सहा सेकंद घेत सावकाश खाली उतरायचे. जोडीला कमरेइतक्या उंचीच्या बारखाली आडवे होऊन, टाचा जमिनीवर टेकून छाती बारकडे खेचायची. असे उतरणे पाच-सहा वेळा नीट जमू लागले की पहिला पुल-अप फार लांब राहत नाही. घरात ज्यांना फक्त एकच साधन घेणे परवडते, त्यांनी डंबेल घेऊ नये, बार घ्यावा.

दुसरी उणीव मांड्यांची. पाय हे शरीरातले सर्वांत ताकदवान अवयव. दोन पायांची बैठक ही निरोगी तरुणाला लवकरच दमाचा व्यायाम होऊन बसते. म्हणून भार एका पायावर न्यावा लागतो. मागचा पाय खाटेवर किंवा खुर्चीवर ठेवून पुढच्या पायावर उतरणे, उंच पायरीवर एका पायाने चढणे, आणि शेवटी एका पायावरची पूर्ण बैठक. मांडीच्या मागच्या भागासाठी घोटे पलंगाखाली अडकवून गुडघ्यांवर उभे राहायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. हा प्रकार इतका अवघड आहे की भलेभले फुटबॉलपटूही त्यात हात टेकतात. एवढे केले तर मांड्या घट्ट, आकारदार होतात. पण शरीरसौष्ठव स्पर्धेतल्यासारख्या प्रचंड मांड्या हव्या असतील, तर बारबेलला पर्याय नाही.

चरबीचा हिशेब ताटात

दुसरा प्रश्न चरबीचा, आणि याचे उत्तर तालमीतच मिळते. जोर-बैठका करणारा खुल्या गटातला पैलवान आणि तशाच जोर-बैठकांनी सुरुवात करणारा मल्लखांबपटू शेजारी उभे करा. एकाचे अंग धिप्पाड, भरदार, पोटासकट. दुसऱ्याच्या अंगावर प्रत्येक स्नायू वेगळा दिसतो. मेहनतीच्या प्रकारांत फरक आहेच, पण मोठा फरक खुराकाचा आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई हा पैलवानाचा खुराक वजन वाढवण्यासाठीच असतो, आणि त्याच्या खेळात वजन उपयोगी पडते. मल्लखांबपटूला आपले वजन स्वतःच वर न्यायचे असते. प्रत्येक जादा किलो त्याला पकडीत जाणवतो. वजनगट ठरलेला असला की पैलवानही सडसडीत राहतो. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव 57 किलो गटात लढले होते. व्यायामाने स्नायू राहतो. त्याच्यावर चरबीचा थर किती, हे मुख्यतः ताट ठरवते.

याचे कारण साधे आहे. अर्ध्या तासाच्या जोर-बैठकांत खर्च होणारी ऊर्जा फार मोठी नसते. दोन-तीन बेसनलाडू ती सहज भरून काढतात. एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. ती जोरांनी जाळायची म्हटली तर महिने लागतील. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी उतरते, हा समजही खरा नाही. पोटाचे स्नायू घट्ट होतात, वरचा थर मात्र सगळ्या अंगाच्या हिशेबानेच कमी होतो.

आपल्यासाठी हा भाग जास्तच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय शरीराची कल्पना जगापुढे मांडली. 2004 साली त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो आणि दोघांची मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवत होता. म्हणून मराठी माणसाने ‘माझे वजन बरोबर आहे’ यावर समाधान मानू नये. कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. हात-पाय काटकुळे आणि पोट सुटलेले, अशी ठेवण आपल्याकडे फार आहे. अशा माणसाला नुसते वजन उतरवण्यापेक्षा स्नायू वाढवण्याची गरज जास्त असते, आणि अंगाच्या वजनावरची मेहनत नेमकी इथे कामी येते.

स्नायू टिकवायला प्रथिने लागतात. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. स्नायू वाढवणारा व्यायाम करणाऱ्यांना किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा होतो, असे 2018 सालच्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ते 96 ग्रॅम. आता आपले ताट पाहा. आमटीच्या एका वाटीत 30 ग्रॅम डाळ असेल तर प्रथिने सहा-सात ग्रॅम. एका अंड्यात सहा. पेलाभर दुधात सहा-सात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18, तेवढ्याच कच्च्या चिकनमध्ये वीसच्या वर. पोहे, भात, पोळी आणि बटाट्याची भाजी यांवर दिवस निघाला तर 50 ग्रॅमही गाठले जात नाहीत. आमटीची वाटी घट्ट करणे, उसळ रोजची करणे, ताकाऐवजी दही घेणे, सकाळच्या पोह्यांसोबत दोन अंडी किंवा मटकी ठेवणे, एवढ्यानेही फरक पडतो. भात कमी आणि डाळ जास्त, हा बदल बाहेरच्या कोणत्याही पावडरीपेक्षा स्वस्त आहे.

झोपेचाही इथे हात आहे. 2010 सालच्या एका छोट्या प्रयोगात कमी खाणाऱ्या माणसांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेसाठी दिले. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. पण कमी झोपेच्या काळात उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा निम्म्याहून खाली आला आणि बाकीचे शरीर जास्त झिजले. रात्री एकला झोपून पहाटे पाचला उठून मेहनत करणारा आपलाच घाम वाया घालवतो.

किती सडपातळ राहावे, यालाही मर्यादा आहे. ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज’चा तक्ता पुरुषांत 14 ते 17 टक्के आणि स्त्रियांत 21 ते 24 टक्के चरबी ही तंदुरुस्त माणसाची पातळी मानतो. स्पर्धेच्या मंचावरचे शरीर वर्षभर सांभाळायचे नसते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधे न घेणाऱ्या शरीरसौष्ठवपटूची वर्षभर तपासणी केली गेली. स्पर्धेसाठी त्याची चरबी 14.8 वरून 4.5 टक्क्यांवर आली, आणि टेस्टोस्टेरॉन आधीच्या पावभागावर. स्त्रियांमध्ये फार कमी खाऊन खूप मेहनत केली की पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पोस्टरवरचे पोट पाहून स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलामुलींना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

वर्षाचे बारा महिने

तिसरा प्रश्न सातत्याचा, आणि अंगाच्या वजनावरच्या मेहनतीची खरी ताकद इथेच आहे. कमावणे महाग आहे, टिकवणे स्वस्त. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून तीन दिवस पायांचा व्यायाम 16 आठवडे केला. मग काहींनी पुढचे 32 आठवडे फक्त एक नवमांश केला, म्हणजे आठवड्यातून एक दिवस, एकेकच सेट. 20 ते 35 वयाच्या गटाने कमावलेला स्नायू एवढ्यावर टिकवला. 60 ते 75 वयाच्या गटाची ताकद बरीचशी राहिली, पण स्नायूचा आकार घटला. त्यांना टिकवण्यासाठीही जास्त करावे लागते. तरुणाला पुरेल तेवढे आजोबांना पुरत नाही, हे लक्षात ठेवले तर निष्कर्ष दिलासा देणारा आहे: वाईट आठवड्यातही थोडे केले, तर कमावलेले जात नाही.

चरबी मात्र थोड्या काळात चढते आणि रेंगाळते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या सणांच्या आठवड्यांत लोकांचे वजन सरासरी अर्ध्या किलोच्या आतच वाढले. पण ते पुढच्या महिन्यांत उतरले नाही. दरवर्षीची छोटी भर साचत जाते. आपल्याकडे श्रावणातली साबुदाण्याची खिचडी, गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, हिवाळ्यातला हुरडा, मे महिन्यातला आमरस आणि अधूनमधून लग्नांच्या पंगती अशी वर्षभराची रांगच असते. सण सोडायचे नाहीत; सणाच्या आधी आणि नंतरच्या दिवसांत ताट साधे ठेवायचे, आणि फराळ संपल्यावर डबा पुन्हा भरायचा नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या जोडीला शेंगदाणे, दही, दूध असले की प्रथिनांचा हिशेब फारसा बिघडत नाही.

व्यायामाचेही वर्ष असेच आखता येते. हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी मैदानावर बार आणि जोर, म्हणजे वाढीचे महिने. उन्हाळ्यात पहाटे लवकर आणि थोडे कमी. पावसाळ्यात मैदान चिखलात गेले तरी घरातली सहा फूट चटई कोरडीच असते. तेव्हा जोर, एका पायाच्या बैठका आणि दारातला बार. परीक्षा, वार्षिक हिशेब, शेतीची कापणी अशा दाटीच्या आठवड्यांत फक्त टिकवण्याचे काम: दोन दिवस, पंधरा मिनिटे. बहुतेकांचे शरीर या आठवड्यांतच सुटते, कारण पूर्ण व्यायाम जमत नाही म्हणून ते काहीच करत नाहीत.

आठवड्याची मांडणी साधी ठेवावी. तीन दिवस मेहनत, प्रत्येक दिवशी एक ढकलण्याचा, एक खेचण्याचा आणि एक पायाचा प्रकार, प्रत्येकी तीन-चार सेट, शेवटचा सेट अगदी दमेपर्यंत. म्हणजे आठवड्याला प्रत्येक स्नायूगटाचे साधारण दहा सेट होतात, आणि वाढीसाठी तेवढे चांगले पुरतात. सलग 15-20 आवर्तने सहज निघू लागली की पुढच्या पायरीवर जायचे. बाकीच्या दिवशी चालणे, पोहणे किंवा सायकल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते.

कोणाला एवढ्यावर भागत नाही

काही जणांना अंगाच्या वजनाच्या पलीकडे जावे लागते. पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी झालेल्या स्त्रियांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या, 2018 सालच्या एका चाचणीत देखरेखीखाली जड वजने उचलल्याने हाडांना स्पष्ट फायदा झाला. घरच्या हलक्या व्यायामाने तसा झाला नाही. जास्तीत जास्त ताकद लागणाऱ्या खेळाडूंनाही लोखंड हवेच. ज्यांचे वजन फार आहे, त्यांच्यासाठी जमिनीवरचा जोर किंवा पुल-अप ही सुरुवात होऊच शकत नाही. त्यांना बाकावरचा जोर, खुर्चीवरून उठ-बस आणि कमी वजनाची साधने सोपी पडतात. गुडघे किंवा खांदे दुखत असतील, रक्तदाब जास्त असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. बाकी बहुसंख्य लोकांसाठी, विशेषतः तिशीनंतर दर दशकात काही टक्के स्नायू झिजत जाणाऱ्या आपल्यासारख्या सामान्यांसाठी, एक बार आणि एक चटई पुरेशी आहे.

पुरावा पाहिला तर उत्तर ठाम देता येते. अंगाच्या वजनावरच्या मेहनतीने स्नायू वाढतात, पण ती मेहनत अवघड होत गेली तरच. पाठ आणि मांड्या यांसाठी जाणीवपूर्वक वेगळी सोय करावी लागते. सडपातळपणा स्वयंपाकघरात आणि झोपेत ठरतो. आणि वर्षभर टिकण्याच्या कसोटीवर ही पद्धत कोणत्याही महागड्या जिमला हार जात नाही, कारण तिच्यात खंड पडायला फार कमी कारणे उरतात.

म्हणून माझी मागणी व्यक्तीइतकीच समाजाकडे आहे. शहराशहरांतल्या बागांत खुल्या व्यायामशाळा उभ्या राहिल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांतल्या बहुतेक झुलत्या यंत्रांचा भार वाढवता येत नाही, आणि साधा आडवा बार पुष्कळ ठिकाणी नसतो. प्रत्येक बागेत आणि प्रत्येक शाळेच्या मैदानात तीन उंचींचे लोखंडी बार बसवावेत: लहान मुलांसाठी, मोठ्यांसाठी आणि खाली आडवे होऊन खेचायला कमरेइतका एक. त्यांना वीज लागत नाही, देखभाल नाममात्र, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. शाळांतल्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलींनाही बारला लटकायला शिकवावे. आपल्या तालमींनी दोर आणि मल्लखांब सर्वांसाठी खुले ठेवले, तर जोर-बैठकांचा अर्धा राहिलेला वारसा पुरा होईल. ज्याला वाचून आजच सुरुवात करायची आहे, त्याने आज रात्री कंबर मोजून लिहून ठेवावी, उद्या सकाळी दमेपर्यंत जोर काढावेत, आणि या महिन्यात लटकायला एक जागा शोधावी.